किती हवे आणि किती पुरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला 'आहार आणि आरोग्य' असा भलामोठा विषय दिला होता. एवढ्या विषयावर पाऊण तासात बोलायचे म्हणजे साऱ्या गावाला एका पातेल्यात शिजवून वाढण्यासारखे आहे. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय लहान केला. जीवनसत्त्वे आणि क्षार आपल्याला रोज किती हवेत, आणि कितीनंतर पुरे म्हणायचे, एवढेच आज बोलणार आहे. यातला पहिला भाग आपल्या कानांवर पुष्कळदा पडतो. मासिकांतून, दवाखान्यातल्या तक्त्यांवरून, जाहिरातींतून 'हे कमी पडते, ते कमी पडते' असा घोष चालूच असतो. पुरे कधी म्हणायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मलाही ते पुस्तकातून ठाऊक होते. घरात शिकायला मिळाले ते दोन वर्षांपूर्वी, आणि तो धडा आम्हांला चांगलाच महाग पडला.

माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या माई, आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. "सांग, पण मी वेंधळी होते असं सांगू नकोस," एवढी एकच अट त्यांनी घातली आहे. त्या वेंधळ्या नव्हत्याच. वेंधळेपणा कोणी केला ते पुढे येईलच.

माईंचे गुडघे दुखत. रक्त तपासले तेव्हा ड जीवनसत्त्व फारच कमी निघाले. डॉक्टरांनी दुधातून घ्यायच्या पुड्या लिहून दिल्या. एकेका पुडीत ६०,००० एकक. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा, आठ आठवडे' असे इंग्रजीत लिहिलेले होते. अक्षर डॉक्टरांचे असते तसेच. दुकानात आठ पुड्या कागदी पिशवीत घालून हातात दिल्या, तोंडाने कोणी काही बोलले नाही. दुधातून घ्यायची पुडी आणि दूध तर आपण रोज घेतो! माईंनी रोज रात्री एक घ्यायला सुरुवात केली. आठ दिवसांत पुड्या संपल्या, तेव्हा रिकामे पाकीट दाखवून आणखी आणवल्या. गुडघ्यांना जरा उतार वाटला, म्हणून पुन्हा आणवल्या. श्रावणात सुरू झालेले हे प्रकरण दसऱ्यापर्यंत चालले.

मध्ये गौरी-गणपती आले. आम्ही सगळ्या जावा एकत्र होतो. रात्री माई दुधाचा पेला घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही पुडी रोज घेते हो मी, न चुकता." मी मोदकांच्या सारणात हात घालून बसले होते. मान वर न करता म्हटले, "घ्या हो माई, चांगली असते." पंचवीस वर्षे शाळेत मुलींना गृहविज्ञान शिकवलेल्या बाईने हे उत्तर दिले! 'रोज' हा शब्द माझ्या कानावर पडला, पण आत गेला नाही.

दसऱ्याच्या सुमारास माईंचे अन्नावरचे मन उडाले. मळमळ, ओकारी, पोट साफ होईना. तहान एवढी की उशाशी तांब्या पुरेना, आणि रात्रीतून पाच-पाच वेळा उठणे. आम्ही म्हटले, पित्त झाले असेल. मग त्या नातवाला मुलाच्या नावाने हाक मारू लागल्या, गॅस बंद करायचे विसरू लागल्या. तेव्हा आम्ही म्हटले, वय झाले. वय झाले म्हटले की आपल्या घरांत बायकांच्या दुखण्याचा निकाल लागतो. शेवटी रुग्णालयात नेले. रक्तातले कॅल्शियम भलतेच चढलेले होते, मूत्रपिंडांनाही त्रास झाला होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, कुठली पुडी, कुठलं टॉनिक घेता का?" आणि मला ते सारण, तो पेला आणि तो 'रोज' सगळे एकदम आठवले.

माई वाचल्या, आज ठणठणीत आहेत. पण शिरेतून सलाईन, पुड्या बंद, कॅल्शियमची गोळी बंद, दूधसुद्धा काही दिवस बेतानेच, असे करून रक्त ताळ्यावर यायला कित्येक आठवडे लागले. ड जीवनसत्त्व चरबीत साठते. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जादा झाली तर पुष्कळशी लघवीवाटे जातात. अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळणारी मंडळी मात्र एकदा आत आली की मुक्काम करतात. पुडी बंद केली तरी घरातला साठा हळूहळूच उतरतो.

आता हिशेब पाहा. मोठ्या माणसाला ड जीवनसत्त्व रोज ६०० एकक पुरते, असे आपल्या देशाचा तक्ता सांगतो. निरोगी माणसाने रोजच्या रोज ४,००० एककांच्या वर जाऊ नये, असेही तोच तक्ता सांगतो. माईंच्या एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा होता, आणि तो त्या रोज घेत होत्या. आठवड्यातून एक पुडी धरली तर दिवसाला साडेआठ हजारांच्या आसपास पडते. म्हणजे तीही मर्यादेच्या वरच. पण तो डॉक्टरांनी आजारापुरता, मोजक्या आठवड्यांसाठी दिलेला डोस आहे. रिकामा हौद भरायचा असतो तेव्हा नळ मोठा सोडतात. भरल्यावरही तो तसाच सोडून ठेवला तर पाणी घरात शिरते. एक गोष्ट जाता जाता सांगते. उन्हात बसून कोणाला ड जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. पुरेसे झाले की कातडी जादा साठा आपणच मोडून टाकते. ही अक्कल पुडीला नसते.

हा तक्ता कोण करते, हे विचारले पाहिजे. १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत बेरीबेरी रोगाची चौकशी सुरू केली. त्या खोलीची पुढे मोठी प्रयोगशाळा झाली, १९५८ साली ती हैदराबादला गेली, आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि ही संस्था मिळून आपल्यासाठी आकडे ठरवतात. २०२० च्या तक्त्यात प्रत्येक घटकापुढे तीन आकडे आहेत. सरासरी गरज, शिफारस केलेले रोजचे प्रमाण, आणि कमाल मर्यादा. या तिघांत गल्लत झाली की सगळा घोटाळा होतो.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. शंभर पाने मांडली आहेत. कोणी दोन जिलब्यांवर हात धुतो, कोणी दहा खातो. सगळ्यांची मधली भूक काढून तेवढेच रांधले, तर अर्धी पंगत तृप्त आणि अर्धी उपाशी. हा पहिला आकडा, सरासरी गरजेचा. म्हणून शहाणी यजमानीण अंदाज वाढवते. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव तरी पोटभर जेवून उठतील एवढे रांधते. हा दुसरा आकडा, शिफारशीचा. आता शिफारशीइतके आपल्या पानात पडले नाही म्हणून आपण उपाशीच राहिलो, असे होते का? दोन जिलब्यांत भागणाऱ्यांपैकी आपण असू. शिफारशीचा आकडा हा परीक्षेतला उत्तीर्ण होण्याचा आकडा नव्हे. आणि तिसरा आकडा म्हणजे आग्रहाची हद्द. त्यापुढे वाढले तर पाहुण्याला बाधेल.

लोहाचे उदाहरण घेऊ, कारण आपल्या घराघरांतले खरे दुखणे ते आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शेकडा ५७ जणींचे रक्त कमी निघाले. महाराष्ट्रात शेकडा ५४. म्हणजे या सभागृहातल्या त्या वयाच्या निम्म्याहून अधिक. पुड्यांच्या अतिरेकाची गोष्ट मी आधी सांगितली म्हणून कोणी असे समजू नये की आपल्याकडे सगळे जादाच होते आहे. एकाच घरात सासूला ड जीवनसत्त्व जादा झालेले आणि सुनेचे रक्त दहाच्या खाली, असे असू शकते. आमच्याच घरात तेव्हा तसे होते.

पाळी येणाऱ्या बाईची लोहाची सरासरी गरज १५ मिलिग्रॅम आणि शिफारस २९ मिलिग्रॅम. जवळजवळ दुप्पट! पुरुषांना शिफारस १९ ची. दोन आकड्यांत एवढे अंतर का, तर पाळीत जाणारे रक्त बाईबाईत फार वेगळे असते. जिचे पुष्कळ जाते तिलाही पुरावे, म्हणून आकडा चढवावा लागतो. शिवाय भाकरी-भात-डाळीच्या जेवणातले लोह अंगी लागते ते शंभरातले आठच भाग, असे तक्ता करणाऱ्यांनी धरले आहे. बाकीचे तसेच बाहेर जाते.

मग आपल्या ताटात येते किती? बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असते. दोन बऱ्यापैकी भाकऱ्यांचे सात-साडेसात धरा. वाटीभर मटकीच्या उसळीचे अडीच-तीन. मेथीची किंवा दुसऱ्या पालेभाजीची वाढणी घेतली तर आणखी तीन-चार. दिवसाचे बाकी जेवण धरून पंधराच्या पुढे आपण जातो. एकोणतीस गाठणे मात्र नुसत्या ताटावर कठीण, हे मी मोकळेपणाने सांगते. पण अंगी लागण्याचा भाग आपल्या हातात आहे. आठाचे दहा-बारा करणे म्हणजे जादा भाकरी न खाता लोह वाढवणेच. पोह्यांवर लिंबू पिळतो ते नुसते चवीसाठी नव्हे. क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. कडधान्याला मोड आणले की त्यातले लोह अडवून धरणारे द्रव्य कमी होते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला की चहातला तुरटपणा ते लोह धरून ठेवतो. आपल्या बैठकांत पोहे आणि चहा हातात हात घालून येतात! मी चिटणीसबाईंना सुचवले आहे की चहा तासाभराने द्या. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिले ते मी येथे सांगत नाही.

क जीवनसत्त्व बाईला रोज ६५ मिलिग्रॅम लागते. एका मध्यम पेरूत त्याच्या तिप्पट असते. म्हणून पेरूच्या दिवसांत पाचशेची आंबट-गोड गोळी चघळण्याचे प्रयोजन मला कळत नाही. या गोळ्या गोड असतात, बाटली टेबलावर असते, आणि जाता-येता चार जातात. त्याची मर्यादा २,००० मिलिग्रॅम. मूतखड्याची खोड असलेल्यांनी तर तिच्या जवळपासही जाऊ नये.

लोहाबरोबर गर्भारपणात जे फोलिक आम्ल देतात, त्याची हकीकत आपल्या मुंबईची आहे आणि ती आपल्या मंडळासारख्या ठिकाणी सांगितली गेली पाहिजे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गर्भारपणात एक भयंकर पांडुरोग होई आणि त्यात पुष्कळ जणी दगावत. विल्सबाईंनी त्या काय खातात ते पाहिले, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टचा अर्क, मार्माइट नावाचा पदार्थ, तो त्या बायकांना दिला. पांढऱ्याफटक पडलेल्या बायकांचे रक्त भरू लागले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय होते ते तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले, आणि पानावरून त्याला फोलिक नाव पडले. आज जगात कोठेही गर्भारशीला ही गोळी मिळते, तिचे मूळ आपल्या गिरणगावच्या बायकांत आहे.

पण तेथेही 'पुरे' आहेच. मोठ्या बाईला फोलेट २२० मायक्रोग्रॅम लागते, गर्भारपणी ५७० आणि कमाल मर्यादा १,००० ची. ही मर्यादा का, ते शाकाहारी घरांनी विशेष ऐकावे. ब-१२ कमी पडले तरी रक्त कमी होते आणि फोलेट कमी पडले तरी होते. ब-१२ ची उणीव असताना कोणी नुसत्या फोलिक आम्लाच्या गोळ्या भरपूर घेतल्या, तर रक्त सुधारते, चेहरा टवटवीत दिसतो, आणि तिकडे ब-१२ विना नसा मुकाट्याने बिघडत जातात. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, अशी लक्षणे मग उशिरा दिसतात. ब-१२ वनस्पतीत नसते. दूध-दही घेणाऱ्यांना थोडे मिळते, अंडी-मासे खाणाऱ्यांना अधिक. ज्यांच्या घरात दूध फक्त चहापुरते येते त्यांनी रक्त तपासून घ्यावे. येथे गोळी घेण्यात मला यत्किंचितही कमीपणा वाटत नाही.

'ब' गटाची जीवनसत्त्वे पाण्याबरोबर निघून जातात, ती कितीही घ्या, असे आपण समजतो. हा समज पुरता खरा नाही. ब-६ मोठ्या प्रमाणात पुष्कळ दिवस घेतले तर त्यानेच हातापायांना मुंग्या येतात, संवेदना कमी होते. त्याची मर्यादा फार दिवस १०० मिलिग्रॅम मानत आले. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ साली ती १२ वर आणली. मौज अशी की मुंग्या येतात म्हणून बायका त्याच गटाची आणखी जोरदार गोळी घेतात.

अ जीवनसत्त्वाची हद्द माणसाला फार पूर्वी आणि फार वाईट रीतीने कळली. १५९७ साली विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दीचे खलाशी उत्तरेच्या बर्फात अडकून पडले होते. त्यांनी पांढऱ्या अस्वलाचे काळीज शिजवून खाल्ले. ते सगळे आजारी पडले आणि काही जणांच्या अंगाची कातडी सोलून निघाली. अस्वलाच्या काळजात अ जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा असतो, हे पुढे विसाव्या शतकात उमगले. आपल्याला अस्वल भेटण्याचा संभव नाही. पण माशाच्या यकृताच्या तेलाचा चमचा, वर अ जीवनसत्त्वाची गोळी आणि वर टॉनिक, असे एकावर एक चढवणारी घरे मी पाहिली आहेत. बाईची गरज ८४० मायक्रोग्रॅमची, मर्यादा ३,००० ची. गर्भारपणात हे तयार अ जीवनसत्त्व जादा झाले तर बाळाच्या घडणीत दोष येऊ शकतात, म्हणून अशा वेळी टॉनिकच्या बाटलीवरचा मजकूर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय झाकण उघडू नये. गाजर, पपई, लाल भोपळा, शेवग्याचा पाला हे मात्र निःशंक खावे. त्यांतल्या रंगद्रव्यापासून शरीर लागेल तेवढेच अ जीवनसत्त्व करते. फारच गाजरे खाल्ली तर तळहात पिवळे दिसतील एवढेच.

कॅल्शियमबद्दल थोडक्यात. मोठ्या बाईला १,००० मिलिग्रॅम, बाळाला पाजणाऱ्या आणि पाळी थांबलेल्या बाईला १,२००. मर्यादा २,५००. दोन कप दूध किंवा तेवढेच दही यांतून साडेचारशे-पाचशे मिळते. दोन नाचणीच्या भाकऱ्यांतून साडेतीनशेच्या आसपास, कारण नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३६० असते. चमचाभर तिळाच्या चटणीचे शंभर-सव्वाशे, आणि पालेभाजीचे वरती. म्हणजे हजार झाले. जिच्या ताटात हे आहे तिने दिवसातून दोन गोळ्या कशाला घ्याव्यात? आणि जिच्या ताटात नाही तिने एक घेतली तर काय बिघडले? गोळी चांगली की वाईट, हा वाद ताट पाहिल्याशिवाय घालूच नये.

आता पाकिटावरच्या अक्षरांकडे येते. मी माईंच्या आजारानंतर घरातल्या सगळ्या पट्ट्या भिंग घेऊन वाचल्या, तेव्हा माझीच फजिती झाली. कॅल्शियमच्या गोळीवर १,२५० चा आकडा मोठ्या अक्षरात. पण ते कॅल्शियम कार्बोनेट होते. त्यातले खरे कॅल्शियम ५००. लोहाचेही तसेच. गोळीतल्या क्षाराचे वजन एक आणि त्यातल्या लोहाचे दुसरे. तक्त्यातला आकडा नेहमी शुद्ध द्रव्याचा असतो, तेव्हा पाकिटावरचा तोच आकडा शोधायचा. दुसरे, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम. यांत हजारपटीचे अंतर आहे आणि छपाईत एकाच अक्षराचे. तिसरे, एकक. ड जीवनसत्त्वाची ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. म्हणून एका बाटलीवर १५ आणि दुसरीवर ६०० लिहिले असेल तर दोन्ही एकच. आणि बेरीज! ड जीवनसत्त्व पुडीत असते, कॅल्शियमच्या गोळीत असते, 'सर्व जीवनसत्त्वे' असे लिहिलेल्या गोळीत असते, आणि डब्यातल्या पौष्टिक भुकटीतही असते. चार ठिकाणांहून येणारे एक द्रव्य चार नावांनी घरात येते, आणि बेरीज कोणी करत नाही.

गोळ्यांच्या वेळाही पाहाव्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर लोह नीट शोषले जात नाही. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्या आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांनी लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास तरी लांब ठेवावे. नाहीतर थायरॉइडची गोळी घेऊन न घेतल्यासारखीच.

एक सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आज घरी गेल्यावर कोणी सुनेची किंवा लेकीची लोहाची गोळी बंद करू नका. सरकारी दवाखान्यातून गर्भारशीला मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. ती चौथ्या महिन्यापासून रोज, १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. लोहाची रोजची मर्यादा ४५ ची, मग ६० कशी, असे तुमच्यातली एखादी हुशार मुलगी विचारील. विचारलेच पाहिजे. मर्यादेचा आकडा निरोगी माणसाने आपल्या मनाने, वर्षानुवर्षे घ्यायच्या प्रमाणाचा आहे. गर्भारपण हा वेगळा काळ आहे, तेथे बाळाचा वाटा काढायचा असतो, आणि ती गोळी तपासण्यांसह देतात. पोट जरा बिघडते, शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना सांगून वेळ बदलून घ्यावी. खिडकीतून गोळ्या टाकू नयेत. माझ्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीने लग्नानंतर असे केले होते, आणि बाळंतपणात तिला रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या.

आणि त्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तांबडी, गुळगुळीत गोळी मुलाला खाऊसारखी दिसते. आईला बळ देणारी मूठभर गोळ्यांची पट्टी दोन वर्षांच्या मुलाचा जीव घेऊ शकते. मुलाने खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी तडक रुग्णालयात न्यावे. पहिल्या ओकाऱ्यांनंतर मूल काही तास बरे दिसते, खेळूही लागते, आणि आपण फसतो. आत विष चढतच असते. गोड, मऊ, फळांच्या आकाराच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्याही मुलांना 'खाऊ' म्हणून देऊ नयेत. औषध आहे असे सांगून द्यावे आणि डबा वरच्या फळीवर ठेवावा.

माईंच्या घरी आता औषधांच्या कपाटाला आतून एक कागद चिकटवला आहे. प्रत्येक पुडी-गोळीचे नाव मराठीत, तिच्यापुढे 'रोज' किंवा 'रविवारी', आणि कधी बंद करायची ती तारीख. कागद माईंनी स्वतः लिहिला आहे, माझ्या हाताने लिहू दिला नाही. "तुझं लक्ष सारणात असतं," म्हणाल्या.

चिटणीसबाईंनी निमंत्रणात लिहिल्याप्रमाणे आपण सगळ्यांनी घरातल्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या पिशवीतून आणल्या असतील. मागच्या टेबलावर मोठा दिवा लावला आहे, कोरे कागद ठेवले आहेत, आणि माईंनी आपले भिंग आणले आहे. आपल्या मंडळाच्या सभासद असलेल्या दोघी डॉक्टरीणबाई तेथे बसतील. शंका त्यांना विचाराव्या, मला नव्हे. चहा तासाभराने येणार आहे, तोवर पहिल्या रांगेपासून सुरुवात करू या.